कोपरा कापलेली जाहिरात

दिगू, तुझ्याबद्दल पेपरात चार ओळी आल्या. तुझ्या भाच्याने दिल्या होत्या. त्यात तुला ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ म्हटलंय. चहा पिता पिता वाचलं आणि मला ठसका लागला. तीस वर्षं कोर्टात तुझ्या शेजारच्या टेबलाशी बसलो, पण तू मनमिळाऊ असल्याचं मला एकदाही कळवलं नाहीस. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या अंकासाठी माझ्याकडेही एक पान मागितलं होतं. तेही लिहून दिलं. शिस्तप्रिय, निर्व्यसनी, कामात चोख. दोन्हीकडे जाहिरातींचं नाव नाही. म्हणून हे तिसरं लिहितोय. हे कुठे छापायला द्यायचं नाही आणि वहिनींना तर मुळीच दाखवायचं नाही.

लोकांना सांगायचं तरी कसं, की कोर्टातला सीनियर क्लार्क, चष्म्यावरून बघितलं तर पक्षकार गप्प व्हायचे असा माणूस, निवृत्तीनंतर खेळण्यांच्या जुन्या जाहिराती गोळा करतो? खेळणी नाही. खेळणी गोळा करणाऱ्यांना निदान कोणी शौकीन म्हणतं. तुला पाहिजे होत्या त्या फक्त जाहिराती, आपल्या लहानपणच्या मासिकांतल्या आणि दिवाळी अंकांतल्या. त्यासाठी तू टेमघरच्या घरून रिक्षा करून रद्दीच्या दुकानात जायचास आणि शर्टाच्या बाह्या काळ्या करून परत यायचास. रद्दीवाला रफिकभाई तुझ्यासाठी गठ्ठे बाजूला काढून ठेवायचा. एकदा मी बरोबर होतो. त्याने विचारलं, “साहब, पोता कितने साल का है आपका?”

“नौ साल का,” तू म्हणालास.

तुला नातू नव्हता. बाहेर आल्यावर मी हसलो, तर तू म्हणालास, “मग काय सांगू त्याला? मलाच पाहिजे म्हणून सांगू?” मी त्यावर आणखी हसलो. नऊच का, हे मी विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

त्या लांब वह्या, पिठाच्या खळीने चिकटवलेली ती पिवळी पानं. बाहुलीची जाहिरात आठवते? ‘निजवा, डोळे मिटते! उठवा, डोळे उघडते!’ मी म्हटलं, हे तर तूही डबा खाल्ल्यावर टेबलावर करायचास, त्यात विशेष काय. विमानाची होती. ‘आकाशात उत्तुंग भरारी!’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘दोरा सोबत मिळेल.’ पिस्तुलाची होती. चोर हात वर करून उभा, मुलगा ऐटीत नेम धरून, आणि मागे आई तोंडाला पदर लावून कौतुकाने बघतेय. “ही बाई चोराला चहा टाकेल,” तू म्हणालास. बांधकामाच्या संचाच्या जाहिरातीत एकट्या पोराने क्रेन, पूल आणि तीन मजल्यांची लिफ्ट उभी केलेली, आणि बाप टाय लावून आरामखुर्चीत. घरात टाय लावून बसलेला बाप आपण दोघांनी भिवंडीत जन्मात बघितला नव्हता. आपले बाप घरी आले की बनियनवर असायचे, आणि त्या बनियनलाही दोन भोकं ठरलेली.

मग आपलं कोर्ट सुरू झालं. कल्पना कोणाची होती यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. माझीच होती, आता तरी कबूल कर. दर रविवारी दहा वाजता तुझ्या घरी एक जाहिरात पुकारायची. तू वादी, फसवलं गेलेलं पोर. मी खेळण्याच्या कंपनीचा वकील. जुन्या रजिस्टरात तू तुझ्या त्या वळणदार अक्षरात रोजनामा लिहायचास. जाहिरातीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पुराव्याचा निशाणी क्रमांक टाकायचा, तोही तूच. पुकारा मात्र मी द्यायचो, कारण मी नारपोलीत राहतो आणि पॉवरलूमच्या खटखटाटात आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. न्यायाधीश वहिनी. त्या स्वयंपाकघरातूनच निकाल द्यायच्या. “दोघंही दोषी. ही गवार मोडून द्या.” आणि आपण दोन निवृत्त क्लार्क मांडीवर ताट घेऊन गवार मोडत बसायचो, युक्तिवाद चालूच.

आठ वर्षं हे चाललं. इतकं मी माझ्या लग्नाच्या आठवड्यातही हसलो नव्हतो. बायको गावाला गेली की मला घर खायला उठतं, पण रविवारी सकाळी कधी उठलं नाही. हे मी तुला सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. आता सांगतोय.

सगळे दावे निकाली निघाले, एक सोडून. वहीच्या पहिल्या पानावरची ती जाहिरात, निशाणी एक. ‘घरबसल्या सिनेमा! आपल्याच भिंतीवर हलती चित्रे! फिल्मचे दहा तुकडे मोफत. आजच कूपन कापून पाठवा.’ चित्रात पत्र्याचं यंत्र, त्यातून निघालेला उजेडाचा झोत, आणि समोरच्या भिंतीवर माणसाएवढे नट-नटी. बघायला सगळं कुटुंब, आजी, आजोबा, पाहुणे. कुत्रासुद्धा मान वर करून सिनेमा बघतोय. त्या पानाचा खालचा उजवा कोपरा कापलेला. कूपन होतं तिथे.

ही एकच जाहिरात तू रद्दीतून आणली नव्हतीस. ही तुझी स्वतःची होती, नऊ वर्षांचा असल्यापासूनची.

तू सांगितलं होतंस, अण्णांनी ते कूपन तुझ्यासमोर भरलं. तुझे वडील कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं, ते तुझ्यातही उतरलं. कात्रीने नीट कापलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणाले, “उद्या कचेरीत जाताना टाकतो. व्ही.पी.ने येईल, पैसे पोस्टमनला द्यायचे.” दुसऱ्या दिवसापासून तू ओट्यावर बसून पोस्टमनची वाट बघायला लागलास. आळीतल्या पोरांना तू तिकिटं वाटलीस, वहीचा कागद फाडून केलेली, त्यावर खुर्चीचे नंबर. घरात खुर्च्या दोन. महिना गेला, सहा महिने गेले. पोरं तुला ‘सिनेमावाला’ म्हणायला लागली, आणि मॅट्रिकपर्यंत म्हणत राहिली. अण्णांना विचारलंस तेव्हा ते म्हणाले, “कंपनी लबाड निघाली रे.” त्यापुढे कधी विषय निघाला नाही.

तेव्हापासून तुझा त्या कंपनीशी उभा दावा. नाव आपण घ्यायचो नाही, ‘प्रतिवादी क्रमांक एक’ म्हणायचो. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातला पोस्ट बॉक्स नंबर हा तिचा पत्ता, बाकी काही नाही. तुझा मुख्य पुरावा तो कापलेला कोपरा. कूपन कापलंय म्हणजे पाठवलंय. पाठवलंय आणि वस्तू आली नाही, म्हणजे फसवणूक. मी दर वेळी कैफियत द्यायचो. पोस्टात गहाळ झालं असेल, पत्ता चुकला असेल, कुत्र्याने खाल्लं असेल. तू पुढची तारीख घ्यायचास. मागच्या वर्षी महामार्गावरून पडघ्याच्या बाजूला जाताना ती नवी गोदामं बघितलीस, खेळण्यांचे खोके छतापर्यंत रचलेले, आणि म्हणालास, “बघ सुऱ्या. आता मागवलं असतं तर मी चालत जाऊन आणलं असतं.” मी म्हटलं, “आता मागव की.” तू म्हणालास, “आता कोणाला दाखवू?”

आता त्या गोष्टीवर येतो, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

वहिनींनी माळा साफ करायला काढला. अण्णांची ट्रंक खाली आली. तुला धुळीने खोकला, म्हणून तू त्यातली पंचांगं माझ्याकडे दिलीस. “बघ काही कामाचं आहे का, नाहीतर रफिकभाईला देऊ.” अण्णा पंचांगाच्या कडेला बारीक नोंदी करायचे. रॉकेल आणले. दिगूस ताप. पाहुणे आले, गेले. वाचताना मजा येत होती. आणि एका पंचांगात, दोन पानांच्या मध्ये, ते होतं. चौकोनी, घडी घातलेलं. ‘चि. दिगंबर’ म्हणून तुझं नाव, खाली पूर्ण पत्ता, ‘फिल्मचे तुकडे मराठी असावेत’ अशी एक सूचनाही. पाकीट नाही, तिकीट नाही. त्या पानावर नोंदही नाही. अण्णांनी ते टाकलंच नव्हतं.

मला काय वाटलं ते खरं सांगू? मला आनंद झाला. आठ वर्षांचा दावा आणि हातात असा पुरावा. मी बायकोला, सुनीताला, हाक मारून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “अहो, हे त्यांच्या वडिलांचं अक्षर आहे. नका दाखवू भावोजींना.”

“अगं, गंमत आहे,” मी म्हटलं.

“कसली गंमत? असू दे ना पंचांगातच.”

माझी बायको दहावी शिकलेली, तिला कळलं. मी तीस वर्षं लोकांचे कागद हाताळले, मला कळलं नाही. खरं तर त्या तीस वर्षांनीच माझं हे केलं. कोणाचं खरेदीखत, कोणाचं मृत्युपत्र, कोणाच्या सुनेची चिठ्ठी. कागद आला की नंबर टाकायचा, शिक्का मारायचा आणि पुढे सरकवायचा. त्या कागदाने कोणाचं घर मोडतंय हे बघणं आपलं काम नव्हतं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण मी तेच तुझ्या घरी घेऊन आलो. सगळा आठवडा मनात हसत होतो. कूपनच्या मागे पेन्सिलीने नंबरही टाकला, या दाव्यातली निशाणी दोन.

त्या रविवारी तू नेहमीसारखा उभा राहून बोललास, कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून. “हे कूपन माझ्या वडिलांनी पाठवलेलं आहे, त्यात वाद नाही.” मी म्हटलं, “वाद आहे.” आणि शर्टाच्या खिशातून काढून ते त्या कापलेल्या जागेवर ठेवलं. जाहिरातीची चौकट दोन्ही बाजूंनी जुळली. छापलेली रेघ रेघेला लागली. मी ओरडलो, “प्रतिवादी निर्दोष!” नारपोलीच्या आवाजात.

तू चष्मा काढलास. कागद डोळ्यांजवळ नेलास. पत्ता वाचलास, ती मराठी तुकड्यांची सूचना वाचलीस. माझ्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, ते कुठे ठेवावं मला कळेना.

आतून वहिनींनी विचारलं, “लागला का एकदाचा निकाल?”

“लागला,” तू म्हणालास. “कंपनी चांगली होती.”

तू हसलास. मी तुझ्याबरोबर हसलो, आणि मनातल्या मनात सुटलो, की बघ, गंमतच होती. तू रोजनामा ओढलास आणि लिहिलंस, ‘वादीचा दावा खोटा ठरला. निकाली.’ अक्षर जरासुद्धा हललं नव्हतं. कूपन घडी घालून खिशात ठेवलंस. मी निघालो तेव्हा तू दारापर्यंत आलास. एरवी रिक्षापर्यंत यायचास आणि रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडायचास. मी जिना उतरून एकटाच रिक्षात बसलो.

पुढच्या रविवारी तू म्हणालास गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी मी फोनवर म्हटलं, “दिगू, निकाल मान्य नसेल तर अपील कर ना.”

“मुदत गेली रे,” तू म्हणालास.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. वकील होतो ना मी, कंपनीचा? ती कंपनी जिचं ऑफिस आपण बघितलं नाही, जी कधीच बंद झाली असेल, तिची बाजू मी आठ वर्षं घसा कोरडा होईपर्यंत मांडली. अण्णांची बाजू मला पाच मिनिटं मांडता आली नाही? माझ्याकडे सगळं तयार होतं. उद्या टाकू म्हणून पंचांगात ठेवलं आणि विसरले असतील. कचेरीत काही झालं असेल. व्ही.पी. सोडवायला हाताशी काही नसेल आणि नऊ वर्षांच्या पोराला ते सांगवेना. टाकायचं नसतं तर मराठी तुकडे कशाला मागितले असते, दिगू? ज्याला टाकायचं नाही तो माणूस एवढं लिहितो का? हे सगळं मला आता सुचतं. दात घासताना सुचतं, रिक्षात सुचतं. तेव्हा फोनवर मी म्हटलं, “बरं, काळजी घे,” आणि ठेवला.

मंगळवारी सकाळी तू दुधाची पिशवी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलीस, खुर्चीत बसलास, आणि वहिनी चहा घेऊन आल्या तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय. सगळे म्हणाले भाग्यवान, काही त्रास नाही झाला. मी मान हलवली.

माझ्यामुळे गेलास असं मी म्हणत नाही. साखर होती तुला, वय होतं. पण तुझे शेवटचे तीन आठवडे माझ्यामुळे कसे गेले, हे मला कधी कळणार नाही. तू अण्णांना माफ केलंस का, की साठ वर्षांची ती ओट्यावरची वाट तुला पहिल्यापासून परत बघावी लागली, या वेळी काही येणार नाही हे माहीत असताना? लबाड कंपनी ही तुझी किती मोठी सोय होती, रे. तिच्यावर रागवता येत होतं, हसता येत होतं, तिच्यावर वह्या भरता येत होत्या. मी ती काढून घेतली आणि बदल्यात तुला तुझा बाप दिला.

परवा तेरावा झाला. पंगत उठल्यावर वहिनींनी वह्या आणि रोजनामा माझ्या हातात दिला. “तुम्हीच न्या. इथे आता कोण बघणार?” घरी आणून उघडल्या. बाहुली, विमान, चोर, टायवाला बाप. एकाही जाहिरातीला हसू आलं नाही. पहिल्या पानावरचा कोपरा तसाच मोकळा आहे. कूपन तू कुठे ठेवलंस, फाडलंस की जाळलंस, वहिनींना विचारायची माझी हिंमत नाही. रफिकभाईने काल हाक मारली, “साहब, आपके दोस्त का माल पडा है.” मी म्हटलं, “वो नहीं आएंगे अब.” तो म्हणाला, “और पोता?” मी पुढे गेलो. वह्या मी वाचणार नाही आणि टाकवणारही नाहीत. माझ्यानंतर जातीलच त्याच्याकडे.

पण अजून एक सांगायचं राहिलं. तेराव्याच्या दिवशी निघताना वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही उंच आहात, ह्यांचा फोटो तेवढा लावून द्या.” मी स्टूल घेतलं. मला वाटलं खिळा ठोकावा लागेल, हातोडी मागितली. वहिनी म्हणाल्या, “खिळा आहे आयताच. तिथे मामंजींचा फोटो होता. महिन्यापूर्वी ह्यांनीच उतरवला, पुसायला म्हणून. परत लावलाच नाही. मी दोनदा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे.”

अण्णांचा फोटो कपाटाशेजारी जमिनीवर होता, भिंतीकडे तोंड करून.

मी तुझा फोटो त्या खिळ्यावर लावला. वहिनींनी खालून स्टूल धरलं होतं. मग त्यांनी वर बघत विचारलं, “असं का केलं असेल हो ह्यांनी? इतकी वर्षं रोज सकाळी त्या फोटोला नमस्कार करणारा माणूस. तुम्हाला काही बोलले होते का?”

दिगू, मी स्टुलावर उभा होतो, तुझा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता, आणि मी म्हटलं, “नाही, वहिनी. मला काहीच बोलला नाही.”